उगवत्या ताऱ्याचे लॉज

१५ डिसेंबर १८४३ रोजी मुंबईत ‘लॉज रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ या नावाने फ्रीमेसन मंडळींची एक नवी शाखा स्थापन झाली. तिला सनद मिळाली ती स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजकडून, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती मंडळाकडून, आणि त्या ग्रँड लॉजच्या पटावर ती ३४२ या क्रमांकाने ओळखली जाते. मेसनांच्या शाखा मुंबईत त्याआधीही होत्या, पण त्या गोऱ्यांच्या होत्या. हिंदी माणसाला सभासद करून घेण्याच्या उघड हेतूने काढलेली पश्चिम भारतातील पहिली शाखा म्हणजे रायझिंग स्टार. ईस्ट इंडिया कंपनी सरकारच्या अंमलात गोरा अधिकारी आणि पारशी व्यापारी एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणत एका मेजावर बसतात, ही त्या वेळच्या मुंबईला नवलाची गोष्ट होती. त्या मेजाशी कोणाला जागा मिळाली, कोणाला नाकारली गेली आणि कोण आपणहून दूर राहिले, हे पाहू लागले की एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या सार्वजनिक जीवनाची जडणघडण उलगडत जाते.

फ्रीमेसन संघटनेचे मूळ इंग्लंड-स्कॉटलंडमधील पाथरवटांच्या जुन्या संघांशी जोडले जाते. मोठी चर्चे आणि किल्ले बांधणारे हे कारागीर आपल्या धंद्यातील गुपिते, मजुरीचे दर आणि अडल्यानडल्यांची मदत यांसाठी एकत्र येत. सतराव्या शतकात या संघांत जमीनदार, विद्वान, व्यापारी असे लोक शिरू लागले. दगड घडवणे मागे पडले आणि त्या हत्यारांना नीतीच्या खुणांचे रूप आले. गुण्या म्हणजे सरळ वागणूक, ओळंबा म्हणजे ताठ चारित्र्य, कंपास म्हणजे वासनांना घातलेली मर्यादा. २४ जून १७१७ रोजी लंडनमधील चार लॉजांनी मिळून पहिली ग्रँड लॉज उभी केली. स्कॉटलंडची स्वतंत्र ग्रँड लॉज १७३६ मध्ये झाली. पुढे मुंबईत जे घडले, त्याच्या मुळाशी या दोन सत्तांमधला फरक आहे.

लॉजची रचना आजही बरीचशी तशीच आहे. उमेदवाराला सभासद व्हायचे तर आतल्या कोणीतरी त्याचे नाव सुचवावे लागते. नंतर गुप्त मतदान होते. पेटीत पांढरी किंवा काळी गोळी टाकायची, आणि अगदी मोजक्या, काही ठिकाणी एकाच काळ्या गोळीने माणूस बाद. निवड झाली की शपथ घेऊन तो पहिल्या पायरीवर येतो. शिकाऊ, कारागीर आणि मास्टर मेसन अशा तीन पायऱ्या असतात. सभागृहाची फरशी काळ्या-पांढऱ्या चौकटींची, सभासदांच्या कमरेला मेंढीच्या पांढऱ्या कातड्याचा एप्रन, पूर्वेकडच्या आसनावर लॉजचा मास्टर आणि बंद दाराबाहेर नंगी तलवार घेऊन उभा राहिलेला टायलर. अट एकच मोठी: जगाचा कर्ता असा परमेश्वर आहे, हे उमेदवाराने मानले पाहिजे. त्याने कोणत्या धर्माच्या वाटेने ते मानावे, याची सक्ती नाही. धर्म आणि राजकारण या दोन विषयांवर लॉजमध्ये वाद घालायचा नाही, हाही कडक नियम. दार बंद ठेवून चालणाऱ्या या कारभारामुळे हिंदुस्थानातील अनेक गावांत मेसनांच्या इमारतीला लोक ‘जादूघर’ म्हणू लागले.

कंपनीच्या जहाजांबरोबर ही संघटना हिंदुस्थानात आली. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये १७३० च्या आसपास पहिली लॉज निघाली, मद्रासमध्ये १७५२ साली आणि मुंबईत १७५८ साली. या लॉजांचे सभासद म्हणजे कंपनीचे कारकून, कप्तान, सर्जन आणि पलटणींतले अधिकारी. बदली झाली, ताप आला, लढाई लागली की लॉज ओस पडे आणि काही वर्षांनी पुन्हा उभी राही. पेशवाई बुडाल्यावर पाचच वर्षांनी, १८२३ मध्ये, पुण्याच्या छावणीत मुंबई तोफखान्यातील मेसनांनी ‘ओरायन इन द वेस्ट’ ही लॉज काढली. तिची नोंद इंग्लंडला पोहोचलीच नव्हती, हे सभासदांना कितीतरी वर्षांनी कळले आणि नवी सनद मागवावी लागली. मुंबईत १८२८ मध्ये ‘परसिव्हिअरन्स’ लॉज सुरू झाली. रायझिंग स्टारच्या कथेत हिचा मोठा भाग आहे.

या लॉजांमध्ये हिंदी माणूस नव्हता, असे जवळजवळ म्हणता येते. अपवाद राजघराण्यांचा. अर्काटच्या नवाबाचा थोरला मुलगा उमदत-उल-उमरा याला अठराव्या शतकाच्या आठव्या दशकात त्रिचनापल्लीला मेसन करून घेतले, आणि लंडनच्या ग्रँड लॉजने कौतुकाने त्याच्यासाठी शोभिवंत एप्रन पाठवला. त्या वेळी कंपनीला नवाबाची गरज होती. साध्या व्यापाऱ्याला, वकिलाला, कारकुनाला दार बंदच राहिले. विश्वबंधुत्वाची भाषा बोलणाऱ्या संघटनेला हे उघडपणे रंगावरून नाकारता येत नव्हते. म्हणून कारणे वेगळी दिली जात. हिंदूंचे देव अनेक, मग त्यांची एका परमेश्वरावरची शपथ खरी कशी मानायची? पूर्वेकडच्या माणसाला गुपित राखता येईल का? मुसलमान, पारशी यांना बायबलवर हात ठेवायला सांगायचे कसे? या प्रश्नांना मेसनरीच्या घटनेतच उत्तर होते. ज्याचा जो धर्मग्रंथ, त्यावर त्याने शपथ घ्यावी. पण उत्तर असणे आणि ते अंमलात आणणारा माणूस असणे, या दोन वेगळ्या गोष्टी. मुंबईला तो माणूस मिळाला तो एका स्कॉटिश डॉक्टरच्या रूपाने.

जेम्स बर्न्स यांचा जन्म १८०१ मध्ये स्कॉटलंडमधील माँट्रोज गावी झाला. कंपनीच्या मुंबई वैद्यकीय खात्यात ते दाखल झाले आणि कच्छमध्ये भुजच्या रेसिडेन्सीत सर्जन म्हणून राहिले. १८२७ साली सिंधच्या आजारी मीराने त्यांना सिंधमधल्या हैदराबादला बोलावून घेतले. त्या मुक्कामावर त्यांनी लिहिलेले पुस्तक त्या काळी गाजले, कारण सिंधच्या दरबारात शिरलेला युरोपीय माणूस विरळा होता. परक्या दरबारात, परक्या रीतीरिवाजांत विश्वास कमावून राहण्याचा हा अनुभव पुढे त्यांच्या कामी आला असावा. सुट्टीवर मायदेशी गेले असताना, १८३६ मध्ये, स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजने त्यांची पश्चिम भारताचे प्रांतिक ग्रँड मास्टर म्हणून नेमणूक केली. मुंबईला परतल्यावर त्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा असा प्रभाव पडला, की इंग्लिश सनदेखाली चाललेली परसिव्हिअरन्स लॉज स्कॉटिश पटावर गेली आणि काही वर्षे मुंबईत इंग्लिश मेसनरीचे नावही उरले नाही.

त्यांचे धाकटे बंधू अलेक्झांडर बर्न्स हे बुखाऱ्याच्या प्रवासामुळे युरोपभर ख्यातनाम झालेले. २ नोव्हेंबर १८४१ रोजी काबूलमध्ये चवताळलेल्या जमावाने अलेक्झांडर आणि त्यांच्याबरोबर असलेला चार्ल्स, अशा दोन्ही भावांना ठार मारले. ती बातमी मुंबईत पोहोचल्यावर गोऱ्या समाजात सुडाची भाषा सुरू झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी जेम्स बर्न्स यांनी पारशी आणि मुसलमानांसाठी लॉज उघडली. बंधुत्वाचे शब्द मेसनांच्या प्रत्येक विधीत असतात. ते इतक्या मोठ्या घरच्या दुःखानंतरही खरे मानणारा माणूस दुर्मीळच म्हणायचा.

लॉज उघडण्याआधी मुंबईकरांनी मेसनांना भर रस्त्यात पाहिले होते. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून भायखळ्याला रुग्णालय उभे राहायचे होते. ३ जानेवारी १८४३ रोजी त्याची कोनशिला बसवली गेली ती बर्न्स यांच्या हस्ते आणि मेसनांच्या विधीने. अशा समारंभात सभासद एप्रन आणि पदके घालून, आपापली निशाणे घेऊन मिरवणुकीने जागेवर येतात. दगडाच्या पोकळीत चालू नाणी आणि कागदपत्रे ठेवतात. मग दगड खाली उतरवून ग्रँड मास्टर तो गुण्या, लेव्हल आणि ओळंब्याने तपासतो, लाकडी हातोड्याने तीन ठोके देतो आणि दगडावर धान्य, मद्य व तेल वाहतो. धान्य समृद्धीचे, मद्य आनंदाचे, तेल शांतीचे. पायाभरणीची पूजा पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या लोकांना हे दृश्य अगदीच अनोळखी वाटले नसेल. पारशी दात्याचे रुग्णालय, सगळ्या जातींचे रोगी आणि गोऱ्या मेसनांचा विधी, अशी ती गाठ पडली होती. १८४५ मध्ये रुग्णालय सुरू झाले आणि त्याच वर्षी त्याच्या शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेजही.

मेसनरीचे दार ठोठावणारा पहिला मुंबईकर मात्र जमशेटजींसारखा धनाढ्य दाता नव्हता. माणकजी खरशेटजी हे १८०८ साली जन्मलेले, इंग्रजी उत्तम जाणणारे आणि हक्काच्या बाबतीत कधीही माघार न घेणारे गृहस्थ. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत त्यांचे नाव सुचवले गेले तेव्हा काळ्या गोळ्या पडून ते नापास झाले. प्रकरण वर्तमानपत्रांत गेले, चर्चा झाली आणि १८४० मध्ये त्यांना घ्यावेच लागले. त्या संस्थेचे ते पहिले हिंदी सभासद. मुंबईच्या मेसनांकडेही त्यांनी प्रवेश मागितला होता, तिथेही नकार मिळाला. मग १८४१-४२ च्या युरोपच्या प्रवासात ते पॅरिसला गेले आणि तिथल्या ‘आ ला ग्लोआर द ल्युनिव्हेर’ या लॉजमध्ये मेसन झाले. फ्रेंचांना या पारशी माणसाला भाऊ म्हणायला अडचण वाटली नाही.

मुंबईस परतल्यावर पेच उभा राहिला. मेसनरीच्या नियमाने एका लॉजमध्ये रीतसर दीक्षा घेतलेला माणूस दुसऱ्या लॉजमध्ये बंधू म्हणून येऊ शकतो. माणकजी आता बाहेरचे उमेदवार नव्हते, प्रमाणपत्रधारी मेसन होते. तरी परसिव्हिअरन्सने त्यांना सामावून घेतले नाही. नियम माणकजींच्या बाजूने, मते विरोधात. बर्न्स प्रांताचे प्रमुख असले तरी एखाद्या लॉजच्या सभासदांनी पेटीत काय टाकावे हे त्यांना ठरवता येत नव्हते. त्यांनी दुसरा मार्ग काढला. नवी लॉज काढायची, तिच्या हेतूतच हिंदी लोकांचा प्रवेश लिहायचा आणि पटणाऱ्या युरोपीय मेसनांना तिचे संस्थापक करायचे. अशी रायझिंग स्टार जन्माला आली. पुढच्याच वर्षी पुण्यात याच हेतूने ‘सेंट अँड्र्यू’ लॉज निघाली.

माणकजी या नव्या लॉजचे पहिल्या दिवसापासूनचे सभासद होते, आणि सुरुवातीला दीक्षा घेणाऱ्यांत पारशी व मुसलमान होते. वेदीवर बायबलशेजारी अवेस्ता आणि कुराण ठेवले गेले. पारशी उमेदवाराने अवेस्तावर, मुसलमानाने कुराणावर हात ठेवून शपथ घेतली. ज्या अडचणीचा गोरे मेसन इतकी वर्षे बाऊ करत होते, ती मेजावर दोन ग्रंथ ठेवताच सुटली. पुढे हिंदुस्थानातील लॉजांमध्ये सभासदांच्या धर्मांप्रमाणे गीता आणि गुरू ग्रंथसाहिबही आले. एका वेदीवर अनेक धर्मग्रंथ ठेवण्याची ही पद्धत या देशातील मेसनरीची ओळख बनली.

बर्न्स १८४९ मध्ये हिंदुस्थान सोडून गेले आणि १८६२ मध्ये वारले. त्यांच्या जाण्यानंतर लॉज मोडली नाही, यातच तिची मुळे किती खोल गेली होती ते दिसते. युरोपीय संस्थापकांची जागा हळूहळू मुंबईकर पारशांनी घेतली. १८५४ मध्ये खरशेदजी रुस्तमजी कामा यांनी रायझिंग स्टारमध्ये दीक्षा घेतली. तेव्हा ते विशीत होते. पुढल्या वर्षी ते दादाभाई नवरोजींबरोबर व्यापारासाठी लंडनला गेले, युरोपात झेंद आणि पहलवी शिकून आले आणि पारशी धर्मग्रंथांच्या आधुनिक अभ्यासाचा पाया त्यांनी मुंबईत घातला. त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संस्था आजही फोर्टात आहे. कामांना लॉज केवळ समारंभाची जागा वाटत नव्हती. निरनिराळ्या समाजांच्या माणसांनी बरोबरीने एकत्र येण्याची सवय लागावी, तर ती अशाच ठिकाणी लागेल, असे ते मानत आणि मेसनरीवर त्यांनी व्याख्यानेही दिली. डी. एफ. वाडिया यांनी १९१२ साली या लॉजचा इतिहास ग्रंथरूपाने छापला. त्या पिढीला आपल्या लॉजची किती किंमत होती, हे त्यावरून ध्यानात येते.

या बरोबरीचा रोजचा अर्थ काय होता, तो सभेच्या कारभारात पाहायला मिळतो. मास्टर दरवर्षी निवडला जाई. खजिनदार हिशेब वाचून दाखवी, चिटणीस मागील सभेची टिपणे वाची, ठराव मांडला जाई, त्याला अनुमोदन लागे, मग मतदान. गोरा माणूस खालच्या पदावर आणि पारशी वरच्या आसनावर, असा प्रसंगही येई, आणि तेव्हा गोऱ्याला उभे राहून परवानगी मागावी लागे. कचेरीत हे घडणे शक्य नव्हते. नगरपालिका, विद्यापीठाची सेनेट, कायदेमंडळ अशा संस्थांमध्ये हिंदी लोक पुढच्या काळात बसू लागले. त्यांपैकी अनेकांना सभाशास्त्राचे पहिले धडे लॉजमध्ये मिळाले होते. लॉजमध्ये स्वराज्याचा ठराव होणे नियमानेच अशक्य होते. पण काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी मेसन होते, दादाभाई नवरोजी मेसन होते, फिरोजशहा मेहताही मेसन होते. सनदशीर मार्गावर विश्वास असलेल्या या पिढीला मेसनरीची शिस्त आपलीशी वाटली, यात आश्चर्य नाही. कलकत्त्याला १९ फेब्रुवारी १८८४ रोजी नरेंद्रनाथ दत्त या तरुणानेही दीक्षा घेतली. पुढे जग त्याला स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागले.

मराठी हिंदू मात्र या दारापाशी बराच काळ दिसत नाहीत. एक कारण वर आलेच आहे: अनेक देव मानणाऱ्यांना घ्यावे की नाही, याबद्दल मेसनांमध्येच वाद होता. बंगालमध्ये हा वाद फार ताणला गेला. प्रसन्नकुमार दत्त या व्यापाऱ्याचे नाव १८६३ मध्ये सुचवले गेले, तिथल्या प्रांतिक ग्रँड मास्टरने परवानगी नाकारली, प्रकरण लंडनपर्यंत गेले आणि १८७२ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. मुंबईत वाट खुली होती ती स्कॉटिश सनदेमुळे आणि बर्न्स यांच्या पुढाकारामुळे. पण दुसरे कारण घरचे होते. सभा संपली की सगळे बंधू एकत्र जेवतात, आणि हे जेवण लॉजच्या जीवनाचा अर्धा भाग असते. पारशी आणि मुसलमान त्या पंक्तीला बसू शकत. ब्राह्मण किंवा प्रभू सभासदाने गोऱ्यांच्या मेजावर जेवल्याची बातमी फुटली, तर जातीचा बहिष्कार ठरलेला.

त्या वर्षांत मराठी तरुणांनीही आपली एक बंद दारामागची मंडळी काढली होती, आणि तिची रायझिंग स्टारशी तुलना करण्याजोगी आहे. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा सुरू झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि राम बाळकृष्ण जयकर हे तिचे आधारस्तंभ. एकेश्वरभक्ती, जातिभेद मोडणे आणि हे सारे गुप्तपणे करणे, हा तिचा क्रम. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि परक्या हातचे पाणी प्यायचे, कारण जातीचे बंधन तोंडाने नाकारणे सोपे आणि घशाखाली उतरवणे अवघड, हे त्या तरुणांना ठाऊक होते. लॉजच्या जेवणामुळे जे हिंदू बाहेर राहिले, त्यांनी आपल्या सभेत जेवणालाच दीक्षेचा विधी केले. पण लॉजला सनदेचे, गोऱ्या अधिकाऱ्यांचे आणि पक्क्या नियमांचे कवच होते. परमहंस सभेला गुप्तपणाखेरीज दुसरा आधार नव्हता. १८६० मध्ये तिच्या सभासदांच्या नावांचे कागद चोरीला गेले, नावे उघड होतील या धास्तीने मंडळी पांगली आणि सभा संपली. तिच्यातील आत्माराम पांडुरंगांसारख्या मंडळींनी १८६७ मध्ये प्रार्थना समाज काढला, तो मात्र उघड्या दाराने. परमहंस सभेतले तुकाराम तात्या पडवळ पुढे थिऑसॉफिकल सोसायटीच्या मुंबईतील प्रमुख कार्यकर्त्यांपैकी एक झाले. सोसायटीचे संस्थापक कर्नल ऑल्कॉट स्वतः मेसन होते आणि त्यांच्याही शाखांना लॉज म्हणत. परमहंस सभा, मेसनरी आणि थिऑसॉफी यांचे हेतू निराळे, पण जातीबाहेर बसण्याची जागा शोधणारी माणसे या सर्व दारांशी येऊन पोहोचत होती.

मेसनरीच्या बाबतीत मराठवाड्याची वाट मुंबईपेक्षा हैदराबादकडे जात होती. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, निजामाच्या राज्यात होते आणि गावाबाहेरची छावणी हे हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे एक ठाणे. जालना आणि हिंगोलीलाही तिची ठाणी होती. फौजेवरचे अधिकारी इंग्रज. मेसनरी हिंदुस्थानात पसरली ती बऱ्याच अंशी अशाच अधिकाऱ्यांच्या बदल्यांमधून. एका छावणीत दीक्षा, दुसरीत पायरी चढणे आणि तिसरीत मास्टरपद, असा त्यांचा मार्ग असे. निजामाच्या राज्यात या संघटनेला राजाश्रय मिळाला. हैदराबादेतील गोशामहल बारादरी ही दरबारी इमारत १८७२ मध्ये मेसनांच्या वापरासाठी देण्यात आली आणि आजही तिथे लॉजच्या सभा भरतात. मुंबईत व्यापारी आणि वकिलांनी वाढवलेली मेसनरी हैदराबाद राज्यात दरबारी उमराव आणि फौजी अधिकाऱ्यांच्या आधाराने वाढली. म्हणून तिथे ती सार्वजनिक चळवळीच्या जवळ कधी गेली नाही.

मुंबईत मेसनांचा एक मोठा सार्वजनिक सोहळा झाला तो ११ नोव्हेंबर १८७५ रोजी. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले होते आणि त्याच वर्षी ते इंग्लंडच्या ग्रँड लॉजचे ग्रँड मास्टर झाले होते. नव्या गोदीची कोनशिला त्यांनी मेसनांच्या विधीने बसवली. ती गोदी प्रिन्सेस डॉक या नावाने १८८० मध्ये सुरू झाली. समारंभाला इंग्लिश आणि स्कॉटिश, दोन्ही सनदांचे मेसन हजर होते, त्यांत हिंदी बंधूही. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी माणकजींना दाराबाहेर ठेवणाऱ्या शहरात युवराजाच्या मागे हिंदी मेसन एप्रन घालून चालत होते. याच सोहळ्याची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. राजघराण्याशी जोडलेले नाते मेसनरीला प्रतिष्ठा देत होते, तसेच ते तिला साम्राज्याशी बांधतही होते. युवराजाचे धाकटे बंधू ड्यूक ऑफ कॅनॉट १८८६ ते १८९० या काळात मुंबई सैन्याचे सरसेनापती होते आणि इथल्या इंग्लिश मेसनांचे प्रमुखपदही त्यांच्याकडे आले. लॉजमध्ये बरोबरी होती. ती तासा-दोन तासांची होती. बाहेर पडल्यावर अनेक गोऱ्या बंधूंच्या क्लबांत हिंदी माणसाला प्रवेश नव्हता.

धर्मादायाचे काम सभासदांच्या घरांपासून सुरू होई. मेलेल्या बंधूच्या विधवेला मासिक मदत, मुलांच्या शाळेची फी, दिवाळे निघालेल्या सभासदाला उभे करणे, परगावी आजारी पडलेल्या मेसनाची व्यवस्था, असे त्याचे स्वरूप. विमा आणि निवृत्तिवेतन नसलेल्या त्या काळात या मदतीचे मोल मोठे होते. ती गाजावाजा न करता द्यायची, असा दंडक असल्याने तिच्या कथा फारशा लिहिल्या गेल्या नाहीत. सभासदांनी आपल्या नावावर केलेले काम मात्र शहराला दिसले. माणकजींनी १८६३ मध्ये मुलींसाठी अलेक्झांड्रा इंग्रजी शाळा काढली, तेव्हा पारशी समाजातल्या जुन्या वळणाच्या लोकांनी त्यांच्यावर झोड उठवली. मुलींना इंग्रजी कशाला, हा प्रश्न त्यांना ऐकावा लागला. आपल्या घरच्या मुलींना शिकवून, परक्या पाहुण्यांसमोर आणून त्यांनी त्याला उत्तर दिले. ते मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीशही होते; १८८७ मध्ये ते वारले. नाकारलेल्या दारापुढे न रडता दुसरे दार उघडायचे, हा त्यांचा स्वभाव लॉजच्या बाबतीत दिसला, तसाच शाळेच्या बाबतीतही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फोर्टमध्ये मेसनांची प्रशस्त इमारत उभी राहिली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेला हा फ्रीमेसन्स हॉल आजही वापरात आहे आणि शहरातल्या कितीतरी लॉजांच्या सभा तिथे आळीपाळीने भरतात.

विसाव्या शतकात मेसनरीची सार्वजनिक गरज कमी होत गेली. वेगवेगळ्या समाजांच्या माणसांना एकत्र बसायला आता सेनेट होती, जिमखाने होते, काँग्रेसचे मंडप होते. १९२९ मध्ये मुंबईत रोटरी क्लब आला. तिथे शपथ नव्हती, गुपित नव्हते आणि समाजसेवा उघडपणे होई. व्यापारी आणि डॉक्टरांच्या नव्या पिढीला ते सोयीचे वाटले. १९२० नंतर गांधीजींच्या चळवळीने सार्वजनिक काम बंद सभागृहातून रस्त्यावर आणले, आणि सरकारी अधिकाऱ्यांशी घसट असलेल्या बंद मंडळींकडे लोक संशयाने पाहू लागले. तरीही लॉज मोडल्या नाहीत. फाळणीनंतर आणि युरोपीय सभासद परतल्यावर त्या जवळजवळ पूर्णपणे हिंदी झाल्या.

स्वतंत्र देशातल्या लॉजांनी लंडन, एडिंबरा आणि डब्लिनच्या सनदांखाली का राहावे, हा प्रश्न येणारच होता. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी नवी दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर झाले. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिन्ही ग्रँड लॉजांनी त्या समारंभात भाग घेतला. कोणत्याही लॉजवर सक्ती केली नाही. प्रत्येकीने आपल्या सभासदांचे मत घेऊन ठरवायचे होते. बऱ्याच लॉज भारतीय पटावर गेल्या, काहींनी जुनी सनद ठेवली. रायझिंग स्टारने स्कॉटलंडशी असलेले नाते तोडले नाही. हिंदी माणसाला ज्या सनदेने प्रवेश दिला, ती सोडण्याचे कारण त्या सभासदांना दिसले नसावे. पश्चिम भारतातील भारतीय पटावरच्या लॉज मुंबईच्या प्रादेशिक ग्रँड लॉजखाली येतात, आणि फोर्टातल्या हॉलमध्ये भारतीय, इंग्लिश आणि स्कॉटिश अशा तिन्ही पटांवरचे मेसन एकाच वेदीसमोर आपापल्या दिवशी सभा भरवतात.